'आधी बीज एकले' गाथ्यात कुठं आहे?

टाळकरी_खानापूर
सप्ताहाची भजनी पुस्तिका छापायला द्यायची आहे. जुन्या पुस्तिकेत 'आधी बीज एकले' तुकोबांच्या अभंगांत घातलंय, पण पुढं क्रमांक नाही. गाथ्याच्या सूचीत 'आ'खाली बघितलं, मिळत नाही. दुसऱ्या पाठानं सुरू होतो काय? आणि रूपाच्या, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणाऱ्या अभंगाला जोडून घेतला तर चालतो काय?

जुनी_तबकडी
मिळणार नाही माउली, ते तुकोबांचं नव्हेच. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) साठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं गीत आहे. चाल केशवराव भोळ्यांची, गायले विष्णुपंत पागनीस. सिनेमात तुकोबांचे खरे अभंगही आहेत, त्यामुळं हेही त्यातच खपून गेलं.

अक्षरं मोजली तरी कळतं. जोडाक्षर एकच धरायचं. 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया' म्हणजे ६-६-६-४, याला 'मोठा अभंग' छंद म्हणतात. आता हे बघा: 'आधी बीज एकले' ७, 'बीज अंकुरले' ६, 'रोप वाढले' ५. गाथ्यातही एखादं अक्षर इकडंतिकडं होतं, पण पुढं 'जन्म घेती सुमने फळे' ९ वर जातं. हे चालीवर बसवलेलं गाणं आहे. शेवटी 'तुका म्हणे'ही नाही.

निपाणी_वाचक
पण 'बीजापोटी' हा शब्द तुकोबांचाच की हो!

जुनी_तबकडी
होय, गफलत तिथंच होते. 'शुद्ध बीजापोटी । फळें रसाळ गोमटीं' हा अभंग तुकोबांचा, सूचीत 'श'खाली बघा. आठवल्यांनी बीज, फळ तेच घेतलं, पण एका बीजातून कोटी तरू आणि शेवटी 'ब्रह्म एकले' ही मांडणी त्यांची.

नुसत्या 'तुका म्हणे'वरही जाऊ नका, ते कुणीही जोडू शकतं. दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवणाऱ्यांवर खुद्द तुकोबांनीच 'सालोमालो हरिचे दास' म्हणून झोड उठवलीय. इथं उलटं झालं, आठवल्यांचं लेणं तुकोबांच्या अंगावर गेलं.

पेटी_बेळगाव
छपाईचं बोलायचं तर अभंगांच्या भागातून काढा आणि मागं 'भक्तिगीतं' असा वेगळा भाग करून तिथं घाला. खाली कवी, संगीतकार, चित्रपट, साल द्या. एक अडचण आहे. आठवले १९७५ साली गेले आणि हक्क कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. परवानगीशिवाय पूर्ण गीत छापू नका, नुसता मुखडा नि नावं द्या. तुकोबांच्या अभंगांना हा प्रश्न नाही.

रूपाच्या अभंगाला जोडून नको. शिस्तीच्या वारकरी भजनात संतांच्या वाणीबाहेरचं घेत नाहीत, वीणा धरून भजन चालवणारा जाणता विणेकरी तिथंच थांबवेल. संगीत भजनात खुशाल म्हणा. सप्ताहात बीजाचाच विषय हवा असेल तर 'शुद्ध बीजापोटी' घ्या की.