वडिलांसाठी ई-बुक रीडर घ्यावा की छापील पुस्तकेच? (मर्यादा 8,000 रुपये)

करवीरकन्या
नमस्कार. माझे वडील निवृत्त माध्यमिक शिक्षक आहेत आणि कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात त्यांची पुस्तके दोन कपाटे भरून आता माळ्यावर पोहोचली आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर जुन्या पुस्तकांतला बारीक टाइप वाचताना त्यांना त्रास होतो, म्हणून ई-बुक रीडर भेट द्यावा असे माझ्या मनात आहे. परंतु ‘पडद्यावर वाचलेले माझ्या डोक्यात राहत नाही’ एवढे बोलून ते विषय संपवतात. हा निव्वळ हट्ट आहे, की छापील पुस्तकात खरोखरच काही वेगळे असते? ते मुख्यतः इतिहास आणि चरित्रे वाचतात. 8,000 रुपयांच्या आत काय घ्यावे, हे कृपया सुचवावे.

राजारामपुरी_सातवी
ताई, 8,000 रुपयांत धड काही येत नाही. मी गेल्या दिवाळीत 42,000 रुपयांचा टॅबलेट घेतला. त्यावर माझे वडील वर्तमानपत्र वाचतात, कीर्तन ऐकतात आणि पुण्याच्या नातवंडांशी बोलतातही. एकदाच घ्यायची वस्तू चांगली घ्यावी. मर्यादा थोडी वाढवा.

सर्किटवाला
टॅबलेट आणि ई-बुक रीडर यांची येथे गल्लत होत आहे. टॅबलेटचा पडदा मागून प्रकाश फेकतो, तर ई-बुक रीडरच्या ई-इंक पडद्यात काळे आणि पांढरे सूक्ष्म कण विद्युतभाराने वरखाली होतात आणि कागदाप्रमाणेच बाहेरचा प्रकाश परावर्तित होऊन अक्षर दिसते; वीजही प्रामुख्याने पान बदलतानाच लागते. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि मोतीबिंदूनंतर त्याहून मोठी सोय कोणती? मात्र जुन्या मराठी ग्रंथांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ सहा इंची पडद्यावर वाचणे ही शिक्षा आहे, कारण त्यात अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे सरकवावे लागते. तेव्हा त्यांच्या आवडीची पुस्तके खऱ्या ई-बुकच्या स्वरूपात मिळतात का, हे यंत्र घेण्यापूर्वीच पाहावे. ॲमेझॉनच्या किंडल या ई-बुक रीडरच्या भारतीय दुकानात मराठी पुस्तके 2016 च्या डिसेंबरपासून आली आहेत, पण जुनी चरित्रे शोधताना निराशा होण्याची तयारी ठेवावी.

पंचगंगाकाठ
यंत्रच घ्या, असे मी अनुभवावरून सांगतो. 2019 च्या ऑगस्टमधील महापुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले आणि आजोबांच्या काळापासूनची पुस्तके दोन दिवस पाण्यात राहिली. साध्या कागदाची पुस्तके पानापानांत कोरा कागद घालून पंख्याखाली वाळवली. ती फुगली, पिवळी पडली, तरी वाचता येतात. गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेला चित्रांचा ग्रंथ मात्र वाळताना असा चिकटला की तो आता ग्रंथ नसून फरशी आहे. ई-पुस्तके खात्यावर सुरक्षित राहतात. यंत्र बुडाले तरी नव्या यंत्रावर ती पुन्हा उतरवता येतात.

निवृत्त_ग्रंथपाल
पंचगंगाकाठ यांच्यासाठी प्रथम एक सूचना: सगळी ओली पुस्तके एकाच वेळी वाळवणे शक्य नसेल, तर ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत. बुरशी थांबते आणि मग थोडी थोडी काढून सवडीने वाळवता येतात.

आता मूळ प्रश्न. आपल्या वडिलांचे म्हणणे हट्ट म्हणून सोडून देण्यासारखे नाही. 2018 मध्ये 54 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले होते, ज्यात 1,70,000 हून अधिक वाचकांचा समावेश होता. माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना अधिक चांगला समजतो, असे त्यात आढळले, तर केवळ कथात्मक मजकुरात असा फरक दिसला नाही. वडील इतिहास वाचतात, म्हणजे मुद्दा त्यांच्या बाजूचा आहे. ग्रंथालयात मी नेहमी पाहिले आहे की वाचकाला पृष्ठ क्रमांक आठवत नाही, पण ‘तो तहाचा भाग पुस्तकाच्या मध्याच्या थोडा पुढे, डाव्या पानावर तळाशी आहे’ असे तो सांगतो आणि बहुतेक वेळा तेथेच बोट ठेवतो. अक्षर लहानमोठे केले की मजकुराची ही जागाच बदलते.

खात्यावर सुरक्षित, हेही अर्धेच खरे. विकत घेतले असे आपण म्हणतो, पण बहुतेक दुकाने केवळ वाचण्याचा परवाना देतात. 2009 मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या होत्या, आणि मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा वाचकांना पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. माझ्या मते 1850 पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिराचे सभासदत्व घ्यावे आणि उरलेल्या पैशांत वाचनाचा चांगला दिवा घ्यावा.

सर्किटवाला
पैसे परत मिळाले हे आपणच लिहिले आहे. पुराचे पाणी पैसे परत करत नाही.

निवृत्त_ग्रंथपाल
पुराचे पाणी पुस्तक वरच्या फळीवर ठेवले तर पोहोचत नाही.

पंचगंगाकाठ
आमच्याकडे वरची फळीही बुडाली होती, महाशय.

तांबडा_पांढरा
कोणी सुचवले नाही म्हणून लिहितो: टॅबलेट घ्यावा, अक्षर मोठे करता येते. बाकी छापील पुस्तकावर जीएसटी नाही आणि ई-पुस्तकावर आहे, हे मला आजवर पटलेले नाही. कागद नाही, शाई नाही, ट्रकभाडे नाही, तरी किंमत जवळजवळ तेवढीच.

राजारामपुरी_सातवी
टॅबलेट मीच पहिल्या प्रतिसादात सुचवला होता.

करवीरकन्या
सर्वांचे मनापासून आभार. काल हा धागा वडिलांना वाचून दाखवला, तेव्हा ते उठून कपाटापाशी गेले आणि एक जाडजूड चरित्र घेऊन आले. त्याची पाठ सुटली होती आणि फर्मे (एकत्र शिवलेले पानांचे गठ्ठे) सुटे झाले होते, पण प्रत्येक दुसऱ्या पानाच्या समासात त्यांच्या बारीक पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी होत्या. एके ठिकाणी लेखकाची तारीख खोडून त्यांनी स्वतःची लिहिली होती आणि पुढे आधार दिला होता. त्यांना नवे वाचायचे कमी आहे, यांच्याशीच भांडायचे अधिक आहे. तेव्हा यंत्र नाही, टॅबलेट नाही आणि सभासदत्वही तूर्त नाही. मोडकळीस आलेली पुस्तके 8,000 रुपयांत बसतील तेवढी बाइंडरकडे देऊन शिवून, कापडी पाठीची करून घ्यायची आणि बारीक टाइपसाठी एक चांगले भिंग घ्यायचे, असे ठरले आहे.

राजारामपुरी_सातवी
बाइंडिंगच करायचे होते, तर यंत्राचा प्रश्न विचारलाच कशाला? असो.

निवृत्त_ग्रंथपाल
ताई, पुस्तके देण्यापूर्वी बाइंडरला स्पष्ट बजावा की कडा कापायच्या नाहीत. नेहमीच्या पद्धतीत शिलाईनंतर पुस्तक यंत्रात घालून तिन्ही बाजू सरळ करतात, आणि त्यात समासातील नोंदींची अर्धी अक्षरे रद्दीत जातात. खळीत मोरचूद घालायलाही सांगा, म्हणजे कसर लागणार नाही. आणि पहिल्या खेपेस एकच पुस्तक द्या, तेही ज्यात नोंदी नाहीत असे.