मेंदूतला करंट डीप लर्निंगच्या हातात? माझा विरोध आहे

रानवारा:
परवा एकानं इथे लिहिलं की आता डीप लर्निंग, म्हणजे डेटावरून स्वतः शिकणारं संगणकी नेटवर्क, मेंदूचे सिग्नल वाचून डीबीएसचा (मेंदूत खोल तार घालून करंट द्यायचा उपचार) करंट आपोआप कमीजास्त करणार, पार्किन्सनच्या पेशंटला सेटिंगसाठी डॉक्टरकडे खेटे घालायला नकोत. वाचल्यापासून डोकं फिरलंय. माझ्या बाबांना डीबीएस बसवून सहा वर्षं झाली. करंट जरा वाढवला की हात थांबतो पण जीभ जड होते, फोनवर समोरच्याला वाटतं हे पिऊन बोलतायत. कमी केला की बोलणं मोकळं होतं, पण दारातून आत येताना पाय जमिनीला चिकटतात. बाबांनी स्वतः ठरवलंय, बोलणं हवं, शर्टाची बटणं मी लावून देते. हे कुठलं नेटवर्क शिकणार? आणि अडॅप्टिव्ह, म्हणजे गरजेप्रमाणे करंट बदलणाऱ्या डीबीएसला डीप लर्निंग लागतंच कुठे? २०१३ साली ऑक्सफर्डच्या लोकांनी ८ पेशंटवर करून दाखवलं, बीटा लहरी (पार्किन्सनमध्ये मेंदूत वाढणारा एक सिग्नल) ठरवलेल्या रेषेच्या वर गेल्या की करंट चालू, खाली आल्या की बंद. करंट चालू राहायचा वेळ ५६ टक्क्यांनी घटला आणि हालचाल नेहमीच्या डीबीएसपेक्षा जास्त सुधारली. एक रेषा, बस.

तरंगवाला:
याच सिग्नलवर काम करतो म्हणून लिहितोय. ते ८ जण नुकतंच ऑपरेशन झालेले होते, तारा अजून डोक्याबाहेर, आणि प्रयोग थोड्या वेळाचा. ती रेषा घरी नेऊन बघा. माणूस हात हलवायला लागला की बीटा पडते, पार्किन्सनची गोळी लागू पडली की पडते, गाढ झोपेतही पडते. म्हणजे रेषा म्हणणार सगळं ठीक, करंट कमी करा, आणि पेशंट अंथरुणात कूस बदलायला धडपडतोय. वर हृदयाचे ठोके सिग्नलमध्ये मिसळतात, आपण सोडतो ते व्होल्टमध्ये आणि ऐकायचं असतं मायक्रोव्होल्टमध्ये. ज्यांना मुख्य त्रास थरथरीचाच आहे त्यांच्यात कित्येकदा बीटा धड दिसतही नाही. लहरींचे अनेक पट्टे, दिवसाची वेळ, हालचाल हे सगळं एकत्र बघणारं काहीतरी लागणारच. भावनेनं सिग्नल बदलत नाही.

रानवारा:
भावना? रात्री दोनला बाबांना कुशीवर वळवायला मी उठते, तुमचा सिग्नल नाही उठत.

कोडकर:
तरंगवाले, सिग्नलचं पटलं, उपाय नाही पटला. नेटवर्कला शिकवायचं कशावर? पेशंट मूठभर, प्रत्येकाची तार मिलिमीटरनं इकडेतिकडे, आणि ‘आत्ता बरं वाटतंय’ असं दर मिनिटाला कोण लिहून देणार? अशानं नेटवर्क त्याच चारपाच माणसांना पाठ करतं, सहाव्यापुढे आपटतं. शिवाय करंट देणाऱ्या छातीतल्या डब्याची बॅटरी बघा, नेटवर्क चालवायला ती पुरणार का? २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एफडीएनं (औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) मेडट्रॉनिक कंपनीच्या अडॅप्टिव्ह डीबीएसला परवानगी दिली, त्यातही ठरावीक पट्ट्याची ताकद आणि उंबरठेच, म्हणजे ठरवलेल्या रेषाच आहेत.

रोजनिशी:
तुम्ही सगळे नेटवर्कवर भांडताय, मला सांगा तो डेटा कुणाचा? मला फिट येतात, कवटीत मेंदूचा सिग्नल नोंदवणारं उपकरण आहे. फिट आल्यासारखं वाटलं की त्यावरून चुंबक फिरवते, म्हणजे ती वेळ साठवली जाते. रोज झोपताना डेटा वाचणारी कांडी डोक्याला लावून सगळं कंपनीकडे पाठवते. चार वर्षांत मला माझ्या सिग्नलच्या नोंदीची एक रेघ बघायला मिळालेली नाही. मागितलं तर उत्तर आलं, तुम्हाला त्यातलं कळणार नाही. मेंदू माझा आहे!

कोडकर:
सहमत, पण हा वेगळा विषय आहे.

रोजनिशी:
वेगळा कसा? ज्या डेटावर तुमचं नेटवर्क शिकणार तो मी रात्री जागून पाठवलेला. आणि उद्या कंपनी बुडाली तर? आर्गस टू आठवतंय ना, अंधांना थोडं दिसावं म्हणून डोळ्यात बसवायचं यंत्र? ते बनवणाऱ्या सेकंड साइट कंपनीनं काम गुंडाळलं आणि साडेतीनशेच्या आसपास लोक डोळ्यात बंद पडणारं यंत्र घेऊन बसले, दुरुस्तीला कुणी नाही. रेषा निदान दुसरा डॉक्टर वाचू शकतो. नेटवर्कच्या आतले ते लाखभर आकडे कोण वाचणार?

तरंगवाला:
तुम्ही लोकांना घाबरवताय. असल्या भीतीनं १९८७ मध्ये आजच्या डीबीएसची सुरुवात करणारे डॉक्टर बेनाबिद फ्रान्सच्या ग्रनोबलमध्ये थांबले असते तर आज वरच्या बाईंच्या बाबांना काहीच मिळालं नसतं.

रानवारा:
माझ्या बाबांना मध्ये आणू नका. बेनाबिदनी पेशंटला जागं ठेवून, करंट बदलत, थरथर थांबताना डोळ्यांनी बघितली. मी तेच मागतेय.

तरंगवाला:
बरं, माफ करा, बोलण्याच्या भरात आलं. पण २०२३ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत आलेलं डिप्रेशनवरच्या डीबीएसचं काम वाचा. १० पेशंट, त्यातल्या सहांचा सिग्नल तपासला, नेटवर्कनं आजारी आणि बरं झालेल्या स्थितीतला फरक सिग्नलवरून ओळखला, एकाचा आजार उलटला तेव्हा तपासणीत दिसायच्या आधी सिग्नल बदलला होता.

कोडकर:
वाचलंय. पण तिथे नेटवर्कनं करंटला हात लावला नव्हता, फक्त वाचलं. शिवाय ते नेमकं काय बघतंय हे उलगडायला वेगळी पद्धत वापरावी लागली. मी इतकंच कबूल करतो की नेटवर्कनं सुचवावं, डॉक्टरनं वरखालची मर्यादा बांधावी, करंट त्याच्या बाहेर जाता कामा नये.

तरंगवाला:
मर्यादा आजही असतात. पण ठीक, सुचवण्यापासून सुरू करू, मला चालेल. मनापासून नाही पटलेलं.

रानवारा:
झोपेचं मात्र तुमचं बरोबर निघालं, ते मान्य करते. आज बाबांना विचारलं, पहाटे पाय जास्त आखडतात म्हणाले, सहा वर्षांत मला बोलले नव्हते. पुढच्या भेटीत रात्रीची वेगळी सेटिंग ठेवता येते का विचारणार आहे. पण जीभ जड व्हायला लागली तर जुन्या सेटिंगवर यायचं बटण बाबांच्या हातातच पाहिजे, त्यावर मी हटणार नाही.

रोजनिशी:
आणि माझी रेघ? त्यावर अजून कुणीच उत्तर दिलेलं नाही.