एनएलआर ५.६, एलडीएच ३१०: इम्युनोथेरपी नको म्हणायचं का?

लातूर_पॅथ
फुफ्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा (कर्करोगाचा एक प्रकार), चौथी स्टेज. पांढऱ्या पेशी ११,०००, न्यूट्रोफिल ७८%, लिम्फोसाइट १४%, म्हणजे एनएलआर (न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट) ५.६. एलडीएच (पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ३१० (आमची वरची मर्यादा २२५). मेंदूच्या सुजेसाठी डेक्सा (डेक्सामेथासोन, स्टेरॉइड) ४ मिग्रॅ दिवसातून दोनदा चालू. बायॉप्सीचा तुकडा बारीक होता, पीडी-एल१ (गाठीच्या पेशींवरचं प्रथिन, इम्युनोथेरपी ठरवताना बघतात) तपासून झालेलं नाही. नातेवाईक विचारतात, इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणारं औषध) लागू पडेल का? रक्तावरून सांगता येईल?

ऑन्को_संभाजीनगर
नाही, सर. हिशेब असा: ८,५८० भागिले (११,००० वजा ८,५८०), म्हणजे डीएनएलआर (न्यूट्रोफिल भागिले बाकीच्या पांढऱ्या पेशी) ३.५. तो ३ च्या वर, १ गुण. एलडीएच वाढलेलं, आणखी १. लिपी स्कोअर (या दोन आकड्यांवरून आजार पुढे कसा जाईल याचा अंदाज) २, सगळ्यात वाईट गट. पण डेक्साने न्यूट्रोफिल चढतात, लिम्फोसाइट उतरतात. रोजचं ८ मिग्रॅ म्हणजे प्रेडनिसोलोन (दुसरं स्टेरॉइड) ५० मिग्रॅच्याही वर! या सीबीसीवर (रक्तपेशींच्या मोजणीवर) स्कोअर काढूच नका. डेक्साआधीचा सीबीसी फाइलीत असेल तर तो घ्या. स्कोअरसाठी डेक्सा मात्र बंद करू नका. छातीत जंतुसंसर्ग किंवा टीबी असला तरी आकडे असेच बिघडतात.

आणि स्कोअर खरा निघाला तरी केमोवरच्या पेशंटमध्येही तो वाईटच सांगतो. आजाराचा जोर कळतो, औषध ठरत नाही. आधी गाठीच्या ईजीएफआर, एएलके या जनुकांत बदल आहे का ते बघा. ईजीएफआरचा बदल असताना इम्युनो देऊन पाठोपाठ ओसिमर्टिनिब (ईजीएफआरवरची गोळी) दिलं तर न्यूमोनायटिसचा (फुफ्फुसाच्या सुजेचा) धोका वाढतो. हे दोन्ही नसतील आणि पीडी-एल१ ५०% किंवा वर असेल, तर एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबचा (इम्युनोथेरपीचं औषध, केमोशिवाय) विचार होतो.

नांदेड_लॅब
एलडीएच पुन्हा करा. सीरम लालसर आणि पोटॅशियमही वाढलेलं असेल तर नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्यात, एलडीएच त्यामुळेच वाढलेलं दिसतं. सिरिंज जोरात ओढली, किंवा कलेक्शन सेंटरवर ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवता दुपारभर पडली, की हेच होतं. सीरम फ्रिजमध्येही नको, एलडीएचचे काही प्रकार गारठ्यात मोडतात.

ईजीएफआर रक्तातून पाठवायचं तर १० मिलीच्या दोन स्ट्रेक ट्यूब (रक्तातला डीएनए टिकवणाऱ्या) पूर्ण भरा, ८-१० वेळा हलकेच उलटसुलट करा. बर्फ नको. ट्यूब ३७ अंशांपर्यंतच टिकते, मे महिन्यात गाडीच्या बंद डिकीत ती हद्द सहज ओलांडते. थर्माकोलच्या डब्यात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवा. साध्या ईडीटीए ट्यूबमध्ये घेतलं तर प्लाझ्मा काही तासांतच वेगळा करावा लागतो.

लातूर_पॅथ
धन्यवाद. एक लॅब रक्तातला टीएमबीही (गाठीच्या डीएनएत किती बदल आहेत त्याचं मोजमाप) सुचवतेय.

ऑन्को_संभाजीनगर
त्यावर नातेवाइकांचा पैसा घालवू नका. बीफास्ट या रुग्णांवरच्या औषध-चाचणीत रक्तातला टीएमबी १६ किंवा जास्त असलेल्यांतही अ‍ॅटेझोलिझुमॅब (इम्युनोथेरपीचं औषध) केमोपेक्षा सरस ठरलं नाही. तोच पैसा पुन्हा बायॉप्सी करून पीडी-एल१ला लावा. ईजीएफआर रक्तात नाही सापडलं, तर तेही त्याच तुकड्यावर करा. रक्तात न दिसणं म्हणजे नसणं नव्हे.