इंदूरमधील घरासाठी हीट पंप: दोन कोटेशनांत एकोणसत्तर हजारांचा फरक कसा?

लोकमान्यनगरकर (इंदूर):

सप्रेम नमस्कार. आमचे घर लोकमान्यनगरमध्ये आहे. तळमजला आणि वर दोन मजले, माणसे सहा, न्हाणीघरे तीन. प्रत्येक न्हाणीघरात पंचवीस लिटरचा गीझर आहे आणि त्यांपैकी दोन गीझर नऊ वर्षांचे झाल्यामुळे आज ना उद्या बदलावे लागणारच आहेत. त्याऐवजी गच्चीवर एकच हीट पंप (हवेतल्या उष्णतेने पाणी तापवणारे यंत्र) बसवून तिन्ही न्हाणीघरांना आणि स्वयंपाकघरातील सिंकला गरम पाणी द्यावे, असा विचार सुरू आहे. दोन विक्रेत्यांनी घर पाहून कोटेशन दिले. पहिल्याचे २०० लिटरच्या यंत्रासाठी १,१८,००० रुपयांचे असून त्याखाली बारीक अक्षरांत “बसवण्याचा खर्च प्रत्यक्षानुसार वेगळा” असे लिहिले आहे. दुसऱ्याचे ३०० लिटरसाठी १,८७,००० रुपयांचे असून त्यात “सर्व काही” आले, असे तो तोंडी सांगतो. दोघांनीही पंचाहत्तर टक्के बचतीची ग्वाही दिली. खर्चाचा अंदाज नेमका कसा बांधावा, आणि २०० की ३०० लिटर हे कशावरून ठरवावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. जुन्या वाड्यात आमचे काम तांब्याच्या एका बंबावर भागत असे, त्यामुळे लिटरांचा हिशेब करण्याची वेळ प्रथमच आली आहे.

तिलकनगर, निवृत्त अभियंता (इंदूर):

आपण यंत्राच्या किमतीपासून सुरुवात केली आहे. ती पाण्यापासून करावी, कारण टाकीचे माप आणि बचतीची रक्कम या दोन्ही गोष्टी रोज किती गरम पाणी लागते यावरच ठरतात. हिवाळ्यात गच्चीवरील टाकीतले पाणी १८ अंश आणि हीट पंपाच्या टाकीतले ५५ अंश धरू. आंघोळीला आपण साधारण ४० अंशांचे पाणी घेतो, म्हणजे पंचवीस लिटरच्या मिश्र पाण्यात टाकीतले गरम पाणी पंधरा लिटरच असते. आपल्या घरी चार जण बादलीने आणि दोन जण शॉवरने आंघोळ करतात असे मानले, आणि शॉवर मिनिटाला सात लिटर या हिशेबाने आठ मिनिटे चालतो असे धरले, तर बादलीवाल्यांचे ६० लिटर, शॉवरवाल्यांचे सुमारे ६६ आणि सिंकचे २० मिळून रोजचे गरम पाणी दीडशे लिटरांच्या आसपास येते. त्याला २०० लिटरची टाकी पुरेशी आहे. पाहुणे येतील म्हणून ३०० लिटर घेणे म्हणजे वर्षातल्या दहा दिवसांसाठी उरलेले दिवस जास्तीचे पाणी तापवून ठेवणे होय.

आता ऊर्जेचा हिशेब. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. त्यानुसार १५० लिटर पाणी ३७ अंशांनी तापवण्यास साडेसहा युनिट लागतात. टाकी आणि नळांतून जाणारी उष्णता धरून ती आठ युनिट समजावी. गीझर ही आठही युनिट मीटरमधून घेतो. हीट पंप फ्रिजच्या उलट काम करतो: तो हवेतली उष्णता उचलून पाण्यात सोडतो, म्हणून त्याला वीज फक्त कॉम्प्रेसर आणि पंखा चालवण्यापुरती लागते. दिलेल्या उष्णतेचे खर्चलेल्या विजेशी जे प्रमाण, त्याला सीओपी म्हणतात. माहितीपत्रकातला सीओपी बहुधा उबदार हवेसाठी मोजलेला असतो. जानेवारीच्या पहाटे इंदूरचा पारा १० अंशांवर येतो तेव्हा तो अडीचच्या आसपास धरणे शहाणपणाचे. म्हणजे आठऐवजी सव्वातीन युनिट. पावसाळ्यात तो साडेतीनपर्यंत चढतो, पण तेव्हा गरम पाणीच कमी लागते, आणि एप्रिल ते जून तर गच्चीवरचे पाणी आपोआप इतके तापते की त्यात थंड पाणी मिसळायची वेळ येते. येथेच विक्रेत्याच्या हिशेबाला तडा जातो. ज्या हवेत यंत्र सर्वांत चांगले चालते, त्या हवेत आपल्याला त्याची गरजच नसते.

म्हणून वर्षाचा हिशेब असा मांडावा: हिवाळ्याचे १२० दिवस रोज आठ युनिट म्हणजे ९६०; पावसाळा आणि ऋतू बदलण्याचे मिळून १५० दिवस रोज चार, म्हणजे ६००; उन्हाळ्यात चाळीसेक. गीझरवर वर्षाला १,६०० युनिट, हीट पंपावर साडेपाचशे ते सहाशे. बचत एक हजार युनिटांची. वाचणारी युनिट नेहमी बिलाच्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातली असतात. सर्व आकार धरून त्यांचा दर आठ रुपये मानला, तर वर्षाला आठ हजार रुपये झाले. हा आठाचा आकडा माझा गृहीत आहे; आपल्या बिलावरून तो तपासून घ्यावा. पंचाहत्तर टक्के हा आकडा सीओपी चार असताना खरा ठरतो, आणि तोही केवळ गरम पाण्याच्या विजेपुरता, एकूण बिलाच्या नव्हे.

आता कोटेशन. मी गेल्या वर्षी माझ्या घरी असेच काम करून घेतले, त्यावरून सांगतो. तीन मजल्यांना मिळून साधारण ४५ मीटर गरम पाण्याचा नळ लागेल. सांधे, इन्सुलेशन आणि मजुरी धरून मीटरला चारशे रुपये, म्हणजे १८,०००. भिंत फोडणे आणि टाइल पुन्हा बसवणे ९,०००. मीटरपासून गच्चीपर्यंत चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच), विजेचा गळतीरक्षक आणि अर्थिंग मिळून ७,०००. पाया आणि लोखंडी स्टँड ५,०००. सुरक्षा झडप, परत न फिरू देणारी झडप आणि किरकोळ साहित्य ४,५००. हे सारे १,१८,००० मध्ये मिळवले की १,६१,५०० होतात. त्यात दाब वाढवणारा पंप घेतला, तर आणखी १४,००० धरून रक्कम १,७५,५०० वर जाते. आपल्याला दिसणारा एकोणसत्तर हजारांचा फरक मुख्यतः दुसऱ्या विक्रेत्याने हा खर्च किमतीत धरला आणि पहिल्याने बाहेर ठेवला यातून आला आहे. उरलेला फरक टाकीच्या मापाचा आहे.

पंपाविषयी एक सूचना. गच्चीवरची टाकी वरच्या न्हाणीघराच्या नळापेक्षा जेमतेम अडीच मीटर उंच असेल, तर तिथे दाब पाव बारच मिळतो. बादलीला तो पुरतो, शॉवरला नाही. आज थंड पाण्याचा शॉवर तिथे कसा पडतो ते पाहा आणि मगच पंपाचे पैसे मोजा.

सुदामानगर (इंदूर):

एवढ्या खटाटोपापेक्षा सौर वॉटर हीटर का नको? आमच्या गच्चीवर काचनळ्यांचा संच आठ वर्षे चालू आहे आणि तो हीट पंपाच्या निम्म्याहून बऱ्याच कमी खर्चात बसला होता. शिवाय आता सरकारी अनुदानही मिळते असे ऐकतो.

तिलकनगर, निवृत्त अभियंता (इंदूर):

सौर संचाची सूचना योग्य आहे आणि ज्यांच्या गच्चीवर दक्षिणेचे ऊन मोकळे आहे त्यांनी आधी तोच विचार करावा. मात्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला जे ७८,००० रुपये मिळतात, ते वीज बनवणाऱ्या पॅनलसाठी आहेत. पाणी तापवणाऱ्या काचनळ्यांना किंवा हीट पंपाला ते लागू नाहीत, जरी काही विक्रेते बोलण्याच्या ओघात तसे सुचवतात. दुसरी गोष्ट अशी, की ज्यांनी पॅनल बसवून नेट मीटर (बाहेर दिलेली वीज बिलातून वजा करणारा मीटर) घेतला आहे आणि ज्यांची वर्षाअखेर युनिट शिल्लक उरतात, त्यांना साधा गीझरही जवळजवळ फुकट पडतो. अशा घरात हीट पंपाची बचत कागदावरच राहते.

पाण्याचाही विचार करावा. नर्मदेचे पाणी आणि बोअरचे क्षारयुक्त जड पाणी यांत मोठा फरक आहे. बेसाल्टातून वर येणाऱ्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर गीझरच्या कॉइलवर जसा बसतो, तसाच काचनळ्यांत आणि हीट पंपाच्या टाकीतही बसतो. नर्मदेचे पाणी आले नाही की टाकीत बोअरचे पाणी चढत असेल, तर टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा दर वर्षी उघडून पाहण्याचा खर्च अंदाजात धरावा. टाकी गंजू नये म्हणून तो दांडा स्वतः झिजत असतो. तो संपला की टाकीची पाळी येते.

लष्कर (ग्वाल्हेर):

माझा अनुभव थोडा निराळा आहे, कारण आमचे छोटे वसतिगृह आहे आणि अठ्ठावीस विद्यार्थी रोज सकाळी दीड तासात आंघोळी उरकतात. वरच्याच रीतीने मोजले तर माणशी पंधरा लिटर म्हणजे ४२० लिटर गरम पाणी, आणि आमच्याकडे जानेवारीत टाकीतले पाणी १४ अंशांवर येत असल्यामुळे रोजची वीस युनिट नुसती पाणी तापवण्यात जातात. हीट पंपाला घातलेले आमचे पैसे चौथ्या हिवाळ्यात वसूल झाले. सहा जणांच्या घराला हे गणित लागू पडणार नाही, हे अभियंता काकांच्या हिशेबावरून दिसतेच. हे यंत्र जितके जास्त वापरावे तितके स्वस्त पडते.

तरीही काकांच्या हिशेबात एक दुरुस्ती सुचवतो. त्यांनी सीओपी अडीच धरला तो पहाटेच्या हवेसाठी. आम्ही पहिल्या वर्षी पहाटे चारला यंत्र सुरू करत होतो. ग्वाल्हेरच्या धुक्यात यंत्र जिथून हवेतली उष्णता घेते त्या बाहेरच्या जाळीवर बर्फ धरे, तो वितळवण्यासाठी यंत्र मध्येच उलटे फिरे आणि पाणी वेळेवर तापत नसे. पुढे टायमर लावून दुपारी बारा ते चार चालवू लागलो. जानेवारीतही दुपारी हवा वीस अंशांच्या वर असते, आणि चांगल्या इन्सुलेशनच्या टाकीतले पाणी रात्रभरात चार-पाच अंशांहून जास्त उतरत नाही. एका वेळेच्या वापरास पुरेल एवढी टाकी असली तरच हे जमते, म्हणून टाकीचे माप ठरवताना यंत्र कधी चालणार हेही विचारात घ्यावे. आठवड्यातून एकदा पाणी साठ अंशांवर न्यावे, म्हणजे कोमट साठ्यात वाढणाऱ्या लेजिओनेलासारख्या जिवाणूंची भीती राहत नाही. कोटेशनमधील यंत्र साठ अंशांपर्यंत जाते की नाही, हे विचारून घ्यावे.

तिलकनगर, निवृत्त अभियंता (इंदूर):

दुरुस्ती मान्य. दुपारी चालवल्यास इंदूरमध्ये हिवाळ्याचा सीओपी ३.२ धरता येईल. त्यामुळे ९६० युनिटांसाठी ३८४ ऐवजी ३०० युनिट लागतील. वर्षाला पावणेसातशे रुपये अधिक वाचतील. सहा जणांच्या घरात खर्च लवकर वसूल होत नाही, हा निष्कर्ष त्याने फारसा हलत नाही, पण यंत्रावरचा ताण नक्की कमी होईल.

लोकमान्यनगरकर (इंदूर):

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. हिवाळ्यात रोज आठ युनिट, हा काकांचा अंदाज तपासण्यासाठी मी जुनी बिले काढली. जानेवारीत ५३८ युनिट आणि मार्चमध्ये २९१. मार्चमध्ये आमच्याकडे गीझर बंद झालेला असतो आणि कूलर सुरू झालेला नसतो, म्हणून हीच तुलना योग्य वाटली. फरक २४७ युनिटांचा, म्हणजे दिवसाला जवळजवळ आठ. काकांचा आकडा इतका तंतोतंत जुळलेला पाहून घरातल्यांनाही त्यावर विश्वास बसला.

दुसऱ्या विक्रेत्याला मी २०० लिटरचे कोटेशन कलमवार लिहून मागितले. नळाचा व्यास, लांबी आणि इन्सुलेशनची जाडी लिहिण्यास तो प्रथम तयार नव्हता. अखेर दिलेल्या कागदावर इन्सुलेशन केवळ गच्चीवरील उघड्या नळांपुरते निघाले. भिंतीतल्या नळांना ते नाहीच. “सर्व काही” या शब्दांचा अर्थ तेव्हा कळला. पहिल्या विक्रेत्याच्या यंत्रासह येणाऱ्या १,६१,५०० रुपयांतून दोन नव्या गीझरांचे अठरा हजार वजा केले, तरी वर्षाला आठ-नऊ हजारांच्या बचतीतून उरलेली रक्कम फिटायला सोळा-सतरा वर्षे लागतील, आणि यंत्राचे आयुष्य दोन्ही विक्रेते बारा ते पंधरा वर्षे सांगतात. त्यामुळे या वर्षी हीट पंप घ्यायचा नाही, असे ठरले आहे. मात्र उन्हाळ्यात पहिल्या मजल्याचे न्हाणीघर फोडायचेच आहे. तेव्हा गरम पाण्याचा नळ इन्सुलेशनसह गच्चीपर्यंत नेऊन ठेवावा का? मजुरी एकदाच लागेल, आणि पुढे सौर संच घेतला तरी तोच नळ कामी येईल.

तिलकनगर, निवृत्त अभियंता (इंदूर):

अवश्य न्यावा. नळाचा आतला व्यास वीस मिलिमीटर असेल, तर दर मीटरमध्ये पाव लिटरहून थोडे अधिक पाणी मावते. पंधरा मीटरच्या नळात पावणेपाच लिटर थंड पाणी आधी वाहून जाईल आणि मगच गरम येईल. म्हणून शक्य तितका सरळ आणि जवळचा मार्ग निवडावा. भिंत उघडी असतानाच वायरसाठी रिकामी नळी आणि जाळीवरून ठिबकणाऱ्या पाण्यासाठी अर्ध्या इंचाचा निचरा काढून ठेवावा. या दोहोंचा खर्च आज किरकोळ आहे. गच्चीवर जागा राखताना शयनगृहाच्या बरोबर वरचा कोपरा टाळावा, कारण पंख्याचा आवाज फार मोठा नसला तरी दुपारी झोपणाऱ्यांना त्याचा घरघराट खालच्या छतातून ऐकू येतो. आमच्याकडे तो येतो.