'तिघांसाठी कूटबद्ध' की 'तिघांच्या नावे'?

पाटीपेन्सिल: ऑफिससाठी एन्क्रिप्शनवर (ठरलेल्या माणसांनाच उघडेल अशी फाइल बंद करणं, म्हणजे कूटबद्ध करणं) मराठीत टिपण लिहितेय. 'पब्लिक की'ला 'सार्वजनिक किल्ली' लिहिलं, तर सहकारी म्हणाला, "सार्वजनिक आहे तर कुणीही उघडेल की!" पुढं 'फाइल तिघांसाठी कूटबद्ध करा' लिहिलं आणि मीच अडखळले. काय लिहू?

जुना खोडरबर: सहकाऱ्याचं चुकलं नाही. किल्ली म्हटलं की आपल्याला उघडणं आठवतं, आणि ही तर नुसती बंद करते. मी 'उघडं कुलूप' म्हणतो. कुणालाही देऊन ठेवा, दाबलं की बंद. उघडणार मालकाच्या खासगी किल्लीनंच. (डिजिटल सहीचा विषय निघाला की ही उपमा लंगडी पडते, तेव्हा तिथं वापरू नका.) चावीपेक्षा किल्लीच बरी. चावी पोर्तुगिजांकडून आली म्हणून नव्हे, घड्याळालाही चावी देतात म्हणून.

कमांडवाला: खरी गोम 'तिघांसाठी'त आहे. मला देवळाची दानपेटी दिसते: तीन विश्वस्त, तीन कुलुपं, तिघं जमल्याशिवाय पेटी उघडत नाही. इथं उलट, तिघांपैकी कुणीही एकटा उघडतो. आणि फाइल काही तीनदा कूटबद्ध होत नाही. जीपीजीला (फाइली कूटबद्ध करणाऱ्या प्रोग्रॅमला) तीन नावं दिली की ते एक 'सेशन की' तयार करतं, तिनं फाइल एकदाच बंद करतं आणि मग ती चिमुकली किल्ली तिघांच्या कुलपांत वेगवेगळी घालून फाइलीला जोडतं. फाइल बंद करायची पद्धत एईएस-256 असेल तर ही किल्ली 32 बाइटची. माणसांची कुलपं 2048 बिटांच्या आरएसए पद्धतीची असतील तर माणशी साधारण 256 बाइट वाढतात, मग फाइल दोन जीबीची का असेना. थेट आरएसएनंच बंद करायचं म्हटलं, तर सुरक्षिततेसाठी घालायची भर (ओएईपी, एसएचए-256सह) धरून एका वेळी 190 बाइट मावतात. यूटीएफ-8मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे जेमतेम 63 चिन्हं. तुमचा वरचा प्रश्नसुद्धा बसायचा नाही! मी 'प्रत्येकाच्या नावे' लिहीन.

जुना खोडरबर: 'नावे' झकास. फक्त सेशन कीला कुणी गुरुकिल्ली म्हणू नका. गुरुकिल्ली अनेक कुलपं उघडते, ही एकाच फाइलीची. 'फाइलची किल्ली' पुरे. 'कूटबद्ध'वर आमच्याकडे शेंगदाण्याच्या कुटाचे विनोद होतात, पण कूटप्रश्न पचलाय तर हेही पचेल.

कमांडवाला: टिपणात 'स्वतःच्याही नावे' जरूर घाला. मी एकदा दोघा सहकाऱ्यांच्या नावे फाइल बंद केली, मूळ प्रत पुसली आणि दुसऱ्या दिवशी माझीच फाइल मला उघडेना. त्यांच्यातल्या एकाला विनवावं लागलं. शिवाय 'नाव वगळा' लिहिलंत, तर जुनी प्रत त्या माणसाला उघडता येतच राहते, हेही सांगा.

पाटीपेन्सिल: मग असं? 'फाइल एकदाच बंद करावी. तिची किल्ली तिघांच्या आणि स्वतःच्याही नावे बंद करावी. चौघांपैकी कुणालाही फाइल उघडता येईल.'

कमांडवाला: 'कुणालाही'नंतर 'एकट्यानं' घाला. नाहीतर दानपेटी परत येईल.