मदत हवी आहे : गोठ्यात करंट उतरतोय आणि वायरमन म्हणतात आरसीसीबी काढून टाका

मंडळी, गाव पाटण तालुक्यात. मी पुण्याला, आई-नाना गावी. घराला लागून पत्र्याचा गोठा, दोन म्हशी, एक जर्सी आणि सिंगल फेजवर चालणारी कडबाकुट्टी. कुट्टी गोठ्याच्या लोखंडी अँगलला बोल्टने आवळलेली आहे, दावणीचा आणि हौदाचा पाइपही त्याच अँगलला.

कुट्टी चालू असली की म्हशी हौदाला तोंड लावत नाहीत. बंद केली की पितात. आई अनवाणी असते, ओल्या हाताने पाइप धरला की मुंग्या येतात म्हणते. नाना चप्पल घालून हात लावतात आणि वर तिलाच म्हणतात, "मनाचे खेळ आहेत तुझ्या."

दिवाळीत मेन पेटीत 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतली होती. कुट्टीचं बटण दाबलं की ती पडायची. आमच्या वायरमनकाकांनी पाइपला टेस्टर लावला, पेटला नाही. "करंट नाहीच, पीस फॉल्टी आहे," म्हणून त्यांनी ती बायपास केली. आता पावसाळ्याआधी काढूनच टाकू म्हणतात.

परवा गावी गेलो तेव्हा मल्टीमीटरचं एक टोक पाइपला आणि दुसरं ओल्या जमिनीत ठोकलेल्या सळईला लावलं. कुट्टी बंद असताना जवळजवळ शून्य, चालू केल्यावर 8-9 व्होल्ट. मेन पाडून तीन पिनांचा बोर्ड उघडला तर अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलला वायरचा तुकडा जोडलेला. काका म्हणाले, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय म्हणून लूप मारला.

एवढ्याशा व्होल्टला म्हैस बुजते का? आरसीसीबी खरंच खराब असेल का? आणि काका नात्यातले आहेत, नानांचा त्यांच्यावर विश्वास. त्यांना कसं सांगू?

तारयंत्र : तुमची आरसीसीबी ठणठणीत असावी. ती एवढंच बघते की फेजने गेलेला करंट सगळा न्यूट्रलने परत आला का. लूपमुळे न्यूट्रल कुट्टीच्या बॉडीला जोडला गेला, बॉडी अँगलला, अँगल जमिनीत. मोटर सुरू झाली की परतीचा थोडा करंट जमिनीतून जातो, हिशेब 30 मिलीअँपिअरने चुकतो आणि ती पडते. पडायलाच हवी.

तुम्हाला दिसलेले 8-9 व्होल्ट न्यूट्रलचेच आहेत. लांबच्या वायरीतून मोटरचा लोड परत येताना न्यूट्रल तेवढा वर चढतो. निऑनचा टेस्टर इतक्या कमी व्होल्टला पेटतच नाही, त्यामुळे "टेस्टर पेटला नाही" याला काही अर्थ नाही. जनावराचे चारही खूर ओल्या जमिनीवर, तोंड ओल्या हौदात. त्याला थोडे व्होल्टही जाणवतात. म्हशी खरं सांगतायत.

खरी भीती पुढे आहे. खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटला तर कुट्टी, अँगल, पत्रे, पाइप सगळ्यावर जवळजवळ पूर्ण 230 व्होल्ट येऊ शकतात. लूप निघेपर्यंत कुट्टी वापरू नका. नाना रागावले तरी चालेल.

शेतकरी_गडी : एवढं काय त्यात, मीठ-कोळसा घालून नवीन खड्डा करा, रोज बादलीभर पाणी ओता. आमच्याकडे आरसीसीबी नाही, काही होत नाही.

तारयंत्र : खड्डा हवाच, पण एकट्या खड्ड्याने भागत नाही. समजा अर्थिंग 20 ओहमचं आहे, म्हणजे गावाकडे वाईट म्हणता येणार नाही. फेज बॉडीला लागला तर करंट 230 भागिले 20, साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरची एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा स्विच) यावर पडणार नाही आणि बॉडी तशीच जिवंत राहील. 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी मात्र क्षणात पाडेल. माणूस मरायला एमसीबी पडण्याइतका करंट लागत नाही.

ओला_पाय : काकांना "तुमचं चुकलं" म्हणू नका. "काका, लूप काढून एकदा चालवून बघू, पडली तर बदलू," एवढंच म्हणा. काम त्यांच्याच हातून होऊ द्या, फक्त मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असलेला परवानाधारक ठेकेदार सोबत बोलवा. मेन पाडून लूप काढायचा, बॉडीपासून वेगळी हिरवी वायर थेट अर्थच्या सळईला न्यायची, मग आरसीसीबी पुन्हा जोडायची. तरी पडली तर सर्किटं एकेक करून सोडवा. इथं एक गंमत आहे : सिंगल पोल एमसीबी पाडली तरी न्यूट्रल जोडलेलाच असतो, म्हणून न्यूट्रलही सोडवावा लागतो. मोटरचं वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये मेगर 1 मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर दोष मोटरीत आहे.

आणि गोठ्याला बांधलेली कपडे वाळत घालायची तार आहे का? असली तर आजच काढा, नायलॉनची दोरी लावा.

धागाकर्ता : तार आहे! आईला फोन करून सोडायला सांगितली, मेन पाडूनच. कुट्टी बंद, तोवर विळ्याने चारा तोडायचा. लूपचं ऐकून नाना गप्प झाले, म्हणजे पटलं असावं. खांबावरच्या न्यूट्रलची तपासणी कोण करतं?

तारयंत्र : वीज कंपनीच. 1912 वर तक्रार नोंदवा, "न्यूट्रल सैल आहे" असं स्पष्ट सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. घरातले दिवे मध्येच भगभगतात आणि मध्येच मंदावतात का, तेही आईला विचारा. असं होत असेल तर मेन पाडून ठेवा, कंपनीची माणसं येईपर्यंत चालू करू नका.