गंभीर कोण होणार, हे रिपोर्ट सांगतात की श्वास?

घाटमाथा
कोविडच्या दुसऱ्या लाटेपासून डोक्यात बसलेली एक गोष्ट लिहितो. भांडा खुशाल.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी मेडिसिनचा डॉक्टर. एप्रिल-मे २०२१ मध्ये नातेवाईक फाईल घेऊन यायचे. सगळ्यात वर एचआरसीटी, म्हणजे छातीचं सीटी स्कॅन, त्यावरचा स्कोअर पेनाने गोल केलेला. "डॉक्टर, पंचवीसपैकी अकरा आहे, रेमडेसिविर लिहा." त्याखाली रक्ताच्या तपासण्या: सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा), डी-डायमर (रक्ताच्या गुठळ्यांची खूण), फेरिटिन, एलडीएच, आयएल-६. आणि पेशंट मिनिटाला किती श्वास घेतोय, हे फाईलभर कुठेही नाही!

एम्स आणि आयसीएमआरच्या त्याच एप्रिलच्या मार्गदर्शक तत्त्वांत आजाराची प्रत श्वास आणि ऑक्सिजन यांवरच ठरवली होती. मिनिटाला २४ किंवा जास्त श्वास, नाहीतर साध्या हवेत रक्तातला ऑक्सिजन ९० ते ९३ टक्के, म्हणजे मध्यम. श्वास ३० च्या वर किंवा ऑक्सिजन ९० च्या खाली, म्हणजे गंभीर. सीटीचं नाव तिथे फक्त तब्येत ढासळली तर काय, एवढ्यापुरतं. सीटीचा अकराचा आकडा चौथ्या दिवशी आला तर एक अर्थ, बाराव्या दिवशी आला तर दुसरा, कारण फुप्फुसातले बदल साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास टोक गाठतात. हे कुणी विचारतच नसे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये २०२० मध्ये भाकीत करणारी २२ मॉडेलं ४११ दाखल पेशंटवर तपासली गेली. तब्येत ढासळेल का, हे सांगण्यात दाखल होतानाच्या साध्या हवेतल्या ऑक्सिजनला, आणि मृत्यूच्या बाबतीत नुसत्या वयाला, एकाही मॉडेलने सातत्याने मागे टाकलं नाही. माझं म्हणणं एवढंच: वय, ऑक्सिजन, श्वास, आणि हे सकाळ-संध्याकाळ कुठल्या दिशेने चाललेत ते पाहा. बाकीचं बरंचसं बिल आहे.

पॅथलॅबवाली
बिल म्हणालात म्हणून लिहिते, नाहीतर वाचून सोडून दिलं असतं.

श्वास मोजा म्हणणं सोपं आहे. केसपेपर उघडा कुठलाही. 'आरआर २०/मिनिट.' पुढच्या खाटेवर २०. त्याच्या पुढच्या खाटेवरही २०. अख्खा वॉर्ड एका लयीत श्वास घेतोय! पूर्ण मिनिट घड्याळाकडे बघत मोजणारे किती, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आमच्या मशीनमधून आलेला सीआरपी निदान कुणी मनाने लिहिलेला नसतो.

आणि तुमच्याच औषधांचं बोलू. टोसिलिझुमॅबचा फायदा ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या औषध-चाचणीत दिसला तो कोणाला? ऑक्सिजन ९२ च्या खाली किंवा ऑक्सिजनवर असलेले, *आणि* सीआरपी ७५ किंवा जास्त असलेले. श्वास मोजून हा निर्णय झाला नसता. दाखल पेशंटच्या मृत्यूचा धोका सांगणारा ब्रिटनचा ४-सी स्कोअर घ्या, त्या आठ गोष्टींत युरिया आणि सीआरपी दोन्ही आहेत. रक्ताला इतकं हलक्यात काढू नका.

घाटमाथा
@पॅथलॅबवाली, श्वास खोटा लिहितात म्हणून मोजणंच सोडायचं? मग तर हात नीट धुत नाहीत म्हणून साबण बंद करू.

सीआरपी ७५ चं मान्य. पण त्या वाक्यातही आधी ऑक्सिजन आला, हे बघा. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचंही तेच. जून २०२० मध्ये त्याच चाचणीचे आकडे आले: व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू तिसऱ्या हिश्श्याने कमी, ऑक्सिजनवरच्यांचे पाचव्या हिश्श्याने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा शून्य, उलट नुकसानाकडेच झुकणारा कल. आपल्याकडे मात्र सीटी स्कोअर आठ आणि सीआरपी वाढलेला म्हणून घरी बसलेल्या, ९७ ऑक्सिजनच्या माणसाला स्टिरॉइड सुरू! पुढे साखरेचं आणि काळ्या बुरशीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

विदाविहीर
दोघंही 'कुठला आकडा चांगला' यावर भांडताय. संख्याशास्त्राच्या बाजूने थोडी भर.

बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात कोविडच्या भाकीत-मॉडेलांचा सतत अद्ययावत होणारा आढावा होता. बहुतेक मॉडेलांवर शेरा एकच, पूर्वग्रहाचा धोका मोठा. कारणं अगदी साधी. जे पेशंट अजून वॉर्डातच आहेत त्यांना हिशेबातून वगळलं. एकाच हॉस्पिटलच्या विदेवर बसवलं आणि तिथेच तपासलं. शिवाय ज्याला वेळेत उपचार मिळाले आणि तो वाचला, तो मॉडेलला 'कमी धोक्याचा' दिसतो.

४-सी त्यातल्या त्यात नीट बांधलेला. ३५,४६३ पेशंटवर तयार केला, आणखी २२,३६१ जणांवर पडताळला. ० ते ३ गुणांना मृत्यू १.२ टक्के, ९ ते १४ ला ३१.४, १५ किंवा जास्त गुणांना ६१.५. गटासाठी उत्तम. पण ३१.४ टक्के म्हणजे समोरच्या शंभरांतले साधारण ६९ जण घरी जाणार आहेत, आणि ते कोणते, यावर स्कोअर गप्प. त्यात हे आकडे लस येण्याआधीच्या ब्रिटनमधल्या दाखल पेशंटचे. आपल्याकडे खाट मिळायलाच दोन दिवस जात होते, त्या माणसांना तो तसाच लावायचा?

जुना_पेठकर
तुम्ही सगळे कोविडवरच अडकलात. ऑगस्ट २००९ आठवा. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा आणि तोंडाला बांधलेले रुमाल ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको.

घाटमाथा म्हणतात वय बघा. त्या विषाणूने तरणीताठी माणसं, गरोदर बायका, लठ्ठ माणसं जास्त नेली. न्यूमोनिया किती गंभीर हे ठरवणारा कर्ब-६५ स्कोअर लावला तर २६ वर्षांच्या गरोदर बाईला वयाचा गुण शून्य, बहुतेक वेळा रक्तदाबाचाही शून्य, आणि ती संध्याकाळपर्यंत व्हेंटिलेटरवर. एका विषाणूवर पाठ केलेलं दुसऱ्यावर चालत नाही.

घाटमाथा
वयाचा मुद्दा रास्त. म्हणूनच तर श्वास आणि ऑक्सिजन म्हणतो, ते विषाणूचं नाव विचारत नाहीत.

विदाविहीर
ऑक्सिजनमीटर काहीच विचारत नाही असं नाही, तो कातडीचा रंग पाहतो. डिसेंबर २०२० च्या न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकातला अमेरिकेतला अभ्यास आहे. मीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीच्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली, असं कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के वेळा आढळलं, गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के. आपल्या सावळ्या बोटांवर ९३ आणि ९४ मधली रेघ किती पक्की मानायची?

आणि न्यूज-२ नावाचा खाटेजवळचा स्कोअर, जो तुम्हाला आवडेल, त्यात ऑक्सिजन सुरू असेल तर दोन गुण. मिनिटाला दोन लिटरवर असो की पंधरा लिटरवर, दोनच! पेशंटची गरज दोनवरून दहा लिटरवर गेली तरी मीटरवर ९५ कायम असेल, तर त्या रकान्यांत काही हलत नाही.

नाशिकची_लेक
मी डॉक्टर नाही. बाबा दाखल होते तेव्हाचं सांगते. आत जायला बंदी, दिवसातून एक फोन, तोही अर्ध्या मिनिटाचा. "स्टेबल आहेत." स्टेबल म्हणजे काय? त्यामुळे आम्ही त्या आकड्यांनाच धरून बसायचो. डी-डायमर कमी झाला की घरात सगळे जेवायचे. तुम्ही त्याला बिल म्हणता, पण दुसरं काही कुणी सांगतच नव्हतं.

पॅथलॅबवाली
@नाशिकची_लेक, कळतं. पण डी-डायमरचा आकडा एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये नेऊन ताडू नये. एकीकडे ०.८ लिहितात, दुसरीकडे तेच ८००, कारण एकक वेगळं. त्यात मोजायच्या दोन पद्धती, एकीचा आकडा दुसरीच्या साधारण दुप्पट. हॉस्पिटल बदललं की 'डी-डायमर दुप्पट झाला' म्हणून रडणारे नातेवाईक मी काउंटरवर पाहिलेत. पेशंट होता तसाच होता.

@घाटमाथा, आता तुमच्या श्वासाकडे परत. रात्रपाळीला एक सिस्टर आणि तीसेक खाटा. पूर्ण मिनिट मोजायचं तर नुसत्या एका फेरीला अर्धा तास. सलाईन, इंजेक्शनं, रिकामे सिलिंडर वेगळे. मशीन रात्रभर चालतं, सिस्टर एकच आहे. तुमची पद्धत स्वस्त दिसते, कारण तिच्या वेळेचं बिल कुणी काढत नाही.

घाटमाथा
तीसही मोजू नका. पन्नाशीच्या पुढचे, गरोदर बाया, आणि आजाराच्या सातव्या ते दहाव्या दिवसात असलेले, एवढेच निवडा. आठ-दहा निघतील. जे चालू शकतात आणि ज्यांना बसल्या जागी धाप नाही, त्यांना दिवसा सहा मिनिटं चालवा. ऑक्सिजन तीनने उतरला किंवा ९३ च्या खाली गेला की डॉक्टरला उठवा. आणि केसपेपरवर मीटरच्या आकड्याशेजारी 'किती लिटरवर' हा रकाना छापा, म्हणजे विदाविहीर यांची तक्रारही मिटेल. सीआरपी पाठवतोच आहे हो, पण तो येईपर्यंत चार तास जातात.

पॅथलॅबवाली
चार तास नमुना तुमच्या वॉर्डात पडून असतो. आमच्याकडे आल्यावर पाऊण तास.